नाश्ता करून यावे

प्रति,
पुण्यातल्या सर्व महाविद्यालयांचे प्राचार्य आणि संस्थाचालक

विषय : नोटीस बोर्डावरच्या नाश्त्याबाबत

सर, मॅडम, नमस्कार.

गेल्या ऑगस्टात तुमच्यापैकी एका कॉलेजात केमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकलला एक मुलगा चक्कर येऊन पडला. हातातला फ्लास्क फुटला. सरांनी त्याला बाकावर आडवं केलं, कुणाच्या तरी दप्तरातली लिमलेटची गोळी तोंडात घातली आणि रिक्षाने दवाखान्यात पाठवलं. शेवटचा कधी जेवलास, असं डॉक्टरांनी विचारल्यावर तो म्हणाला, काल दुपारी. दोन दिवसांनी कॉलेजच्या बोर्डावर कागद लागला : "विद्यार्थ्यांनी प्रात्यक्षिकास येताना नाश्ता करून यावे. अन्यथा होणाऱ्या परिणामांस महाविद्यालय जबाबदार राहणार नाही." त्याच्या मित्राने मला मोबाइलवर फोटो दाखवला. फ्लास्कचे पैसे ब्रेकेजच्या डिपॉझिटमधून कापले, ते वेगळेच.

तो मुलगा माझ्या मेसवर जेवतो. तेव्हा एक वेळचा होता, दुपारचा. नोटीस लिहिणाऱ्याला कुणीतरी सांगायला हवं होतं की आमच्याकडे मेस म्हणजे दोन वेळचं जेवण, नाश्ता त्यात धरलेला नसतो. सकाळचं ज्याचं त्याने बघायचं. पोह्याची प्लेट पंचवीस रुपये, म्हणजे महिन्याचे साडेसातशे. एवढे पैसे त्याच्याकडे असते तर त्याने आधी निम्म्या महिन्याचं रात्रीचं जेवण लावलं असतं.

मी मूळची बार्शीची. लग्न होऊन पुण्यात आले आणि २००१ पासून सदाशिव पेठेत मेस चालवते. तळमजल्याच्या दोन खोल्या, चपातीला दोन बायका, बाकी मी आणि मोठी जाऊ. शिक्षण बारावी, तेव्हा शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला. माझ्याकडे दोन वह्या असतात, एक खाड्याची, म्हणजे कोण कधी जेवायला येणार नाही त्याची, आणि एक उधारीची. पुण्यातल्या विद्यार्थ्यांवर कुणाला पीएचडी करायची असेल तर दोन्ही देईन, फक्त परत आणून द्या.

खाडा तुम्हाला सांगायला नको. तुमच्यातले बरेच जण मेसच्याच अन्नावर मोठे झालेत. आदल्या दिवशी कळवायचं, आणि सलग तीन दिवसांचा असेल तर पैसे वळते होतात, हा माझा नियम. खाडे दिवाळीत येतात, गणपतीत येतात, मामाच्या लग्नाला येतात. पण काही खाडे असे असतात की पोरगं गावाला गेलेलंच नसतं. गुरुवार ते शनिवार खाडा लावलेला, आणि शुक्रवारी दुपारी ते मला टिळक रोडवर दिसतं. नजर चुकवून दुसऱ्या फुटपाथवर जातं. दोन वेळच्या मेसचे माझ्याकडे तेहेतीसशे रुपये आहेत, दिवसाचे एकशे दहा. तीन दिवस उपाशी राहून त्याने तीनशे तीस रुपये वाचवलेले असतात, आणि परीक्षेच्या फॉर्मची तारीख सोमवारी असते. हे मला कुणी सांगितलेलं नाही. वहीतल्या तारखा आणि तुमच्या फॉर्मच्या तारखा शेजारी ठेवल्या की आपोआप दिसतं.

डब्याचंही तसंच. एका डब्यावर दोघं जेवतात, ते मला कसं कळतं? पोट भरलेल्या पोराचा डबा परत येतो तेव्हा कोपऱ्यात भाजी चिकटलेली असते, कधी चपातीचा तुकडा, वरणाला वास सुटलेला. उपाशी पोराचा डबा धुऊन येतो. चकचकीत डबा आला की दुसऱ्या दिवसापासून मी त्यात दोन चपात्या जास्त घालते. तो काही बोलत नाही, मीही नाही.

पूर्वी काही पोरांचे पैसे धान्यात यायचे. परभणी, बीड, धाराशिवकडून एसटीच्या टपावरून ज्वारीचं पोतं यायचं, नाहीतर तुरीच्या डाळीची पाच-दहा किलोची पिशवी, त्यावर मार्करने पोराचं नाव. मी भाव लावून मेसमधून वळती करायचे. आई-बापाला रोख काढणं जड जातं, शेतातलं देणं जड जात नाही. २०१८ ला गणपतीनंतर पोती यायची थांबली. दोन वेळचे पटापट एक वेळचे झाले. सरकारने १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला तो ३१ ऑक्टोबरला. माझ्या वहीत तो सप्टेंबरातच पडला होता. दुष्काळी सवलतींमध्ये परीक्षा फी माफ झाली, हे चांगलंच झालं. पण फी माफ झालेलं पोरगं पेपरला बसलं ते संध्याकाळी वडापाववर राहून.

फीचंच पाहा. २०२४-२५ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी सरकार भरतं. माझ्याकडच्या दोन मुलींना त्यामुळे प्रवेश घेता आला, म्हणून मला त्या निर्णयाबद्दल वाकडं काही बोलायचं नाही. पण प्रवेश घेऊन मुलगी पुण्यात उतरली की तिला पहिल्या दिवसापासून रात्री पाठ टेकायला जागा लागते आणि दोन घास लागतात. त्याचं काय, हा प्रश्न तुमच्या प्रवेश अर्जावर कुठेच नसतो. रक्तगट विचारता, जेवायची सोय विचारत नाही.

सरकारच्या लेखी पोराची भूक आठवीत संपते. शाळेतली खिचडी आठवीपर्यंत, २०१३ चा अन्न सुरक्षा कायदा मुलांच्या जेवणाची हमी देतो तीही चौदाव्या वर्षापर्यंत. पुढे घरच्या रेशनकार्डावर माणशी पाच किलो धान्य येतं, जानेवारी २०२३ पासून तेही फुकट. पण कार्ड गावाला आणि पोरगं इथे भाड्याच्या कॉटवर, जिथे मालक गॅस सोडा, इंडक्शनची शेगडीही ठेवू देत नाही. गव्हाचं त्याने करायचं काय?

शिवभोजन थाळी आली तेव्हा, २६ जानेवारी २०२० ला, मी जरा धसकले होते. दहा रुपयांत दोन चपात्या, भाजी, वरण, मूदभर भात. माझ्याकडे कोण येणार? कुणी गेलं नाही असं नाही. काही एक वेळचे तिकडे गेले आणि मला त्याचं वाईट वाटलं नाही. पण ती दुपारची असते, तिच्या वेळात तुमची प्रॅक्टिकल असतात, आणि पोरं लाजतात. रांगेत आपल्या वर्गातली मुलगी बघेल याची अठराव्या वर्षी जेवढी भीती असते तेवढी नापास होण्याचीही नसते.

कॉलेजातल्या पोरांच्या जेवणा-राहण्यासाठी योजना नाहीत असं मी म्हणत नाही. पोरं माझ्या कट्ट्यावर बसूनच फॉर्म भरतात, त्यामुळे मला पाठ झाल्यात. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध मुलांसाठी बाबासाहेबांच्या नावाची स्वाधार, आदिवासी मुलांसाठी स्वयंम, मराठा आणि इतर मुलांसाठी पंजाबराव देशमुखांच्या नावाचा वसतिगृह भत्ता. ओबीसी आणि भटक्यांच्या पोरांसाठी सावित्रीबाईंच्या नावाची आधार योजना आली, जिल्ह्याला सहाशे जागा. स्वाधारमध्ये पुण्यासारख्या शहराला वर्षाचे साठ हजार धरलेत : जेवणाचे बत्तीस, राहण्याचे वीस, निर्वाहाचे आठ. जेवणाचा आकडा ज्याने काढला तो मेसवर जेवलेला असणार. दहा महिन्यांनी भागलं तर बत्तीसशे येतात, माझ्या दरापेक्षा शंभर कमी, ते मी सोडून देईन. राहण्याच्या वीस हजारांचे महिन्याला सोळाशे सहासष्ट होतात. पेठेत कॉटला साडेतीन-चार हजार पडतात, वर दोन महिन्यांचं डिपॉझिट. सोळाशे सहासष्टात कॉटखालची जागा मिळेल कदाचित.

तरी रक्कम हे खरं दुखणं नाही. दुखणं आहे तारखेचं. कॉलेज सुरू होतं जुलैत. सरकारी वसतिगृहाची यादी लागते त्यानंतर. स्वाधार कुणाला, तर ज्याला वसतिगृह मिळालं नाही त्याला, म्हणजे यादीत नाव नाही हे कळल्याशिवाय तिकडचा फॉर्मही पुढे सरकत नाही. मग उत्पन्नाचा दाखला, भाड्याचा करार, जो कॉटमालक करून देत नाही, मग पडताळणी, मग त्रुटी, मग पुन्हा पडताळणी. आणि हजेरी ७५ टक्के हवी. रात्री एक वाजेपर्यंत डिलिव्हरी करणारं पोरगं सकाळी सातच्या लेक्चरला कसं बसेल? म्हणजे पैसे आले नाहीत म्हणून काम करायचं, आणि काम केलं म्हणून पैसे अडकायचे. माझ्या वहीत स्वाधारवाल्यांची उधारी फिटलेल्या तारखा आहेत : फेब्रुवारी, मार्च, एक तर पुढच्या जूनची. पोट मात्र जुलैपासून चालू असतं.

मधले सात-आठ महिने ती योजना कोण चालवतं? मी चालवते. माझ्यासारख्या पेठांतल्या बायका चालवतात. कोपऱ्यावरचा दुकानदार चालवतो, एखादा कॉटमालक चालवतो. आमची नावं कुठल्याही जीआरमध्ये नाहीत. मला सिलेंडर उधारीवर मिळत नाही आणि भाजीवाला मंडईत रोख मागतो, एवढंच फक्त ध्यानात घ्या.

उधारी बुडते का, असं तुम्ही विचाराल. संस्थाचालक तर नक्की विचारतील. बुडते. दहातले आठ देतात, उशिरा देतात, पण देतात. एक जण सहा वर्षांनी आला, पीएसआयच्या वर्दीत. माझ्या जावेला वाटलं गॅसच्या चौकशीला पोलीस आला, तिने कमर्शियल सिलेंडरची पावती शोधायला घेतली. त्याने ११,४०० रुपये मोजून ठेवले आणि जेवून गेला. न देणाऱ्या दोघांची नावं मी अधूनमधून वाचते. त्यातलं लबाड सापडणं मुश्कील. बहुतेक मधेच शिक्षण सोडून गेलेले असतात. पदवी झालेल्याचे पैसे सहसा बुडत नाहीत, सुटलेल्याचे बुडतात. तेव्हा मला माझे पैसे वसूल करायचे असतील तर त्याला आधी जेवू घालणं भाग आहे. हा माझा धंद्याचा हिशोब आहे, धर्मादाय नाही.

आता राहण्याचं. बेघर म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर पुलाखालचं कुटुंब येतं. तुमचा बेघर विद्यार्थी इस्त्रीच्या शर्टात असतो. अभ्यासिकेतली नंबरची खुर्ची महिना हजाराला मिळते आणि ती चोवीस तास उघडी असते. कॉट चार हजाराला. म्हणून पोरं खुर्ची घेतात. टेबलावर डोकं ठेवून झोपायचं, बॅग लॉकरला, आंघोळ मित्राच्या खोलीवर, तीही मालक नसताना. वॉचमनला महिन्याचे शंभर. एका मुलाने प्रवेशाच्या धांदलीत अकरा रात्री स्वारगेटच्या एसटी स्टँडवर काढल्या. तो सांगायचा, काकू, शेवटची गाडी चुकलेला माणूस आणि मी यांत पोलिसालासुद्धा फरक कळत नाही, दोघांकडे बॅग असते. हसत सांगायचा. बाराव्या दिवशी ताप भरला तेव्हा मी त्याला पोटमाळ्यावर झोपवलं.

मुलींना स्टँडही नाही आणि अभ्यासिकाही रात्रीची नाही. मुलाची जागा गेली तर तो खुर्चीवर झोपतो. मुलीची गेली की ती घरी जाते आणि पुढच्या वैशाखात तिचं लग्न होतं. आष्टीकडची एक मुलगी माझ्याकडे दोन वेळची होती, बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला. जूनमध्ये मालकिणीने भाडं हजाराने वाढवलं आणि वाढीव डिपॉझिट मागितलं. "चार दिवस ठेवा काकू, दुसरी खोली बघते," म्हणत तिने आपली पत्र्याची ट्रंक माझ्या पिठाच्या डब्यांशेजारी ठेवली आणि पैशांची सोय करायला गावी गेली. चार दिवसांची दोन वर्षं झाली. श्रावणात कधीतरी फोन आला, ट्रंक असू द्या, पुस्तकं कुणाला लागली तर द्या. मी कुलूप तोडलेलं नाही. तुमच्या कॉलेजच्या दप्तरात तिच्यापुढे "गैरहजर" लिहिलेलं असेल, किंवा "नाव कमी केले".

हे सगळं नवीन आहे असंही नाही. याच पेठांत शंभर वर्षांपूर्वी पोरं वार लावून जेवायची, सोमवार एका घरी, मंगळवार दुसऱ्या, नाहीतर झोळी घेऊन माधुकरी. त्याच्या गोड आठवणी लोक सांगतात. आमच्या जातीच्या पोराला कुणी वार दिला नसता, तेही सांगून टाकते. ज्यांना वार मिळत नव्हता त्यांच्यासाठी शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९०१ पासून एकेका समाजाची बोर्डिंगं उभी केली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्याला बोर्डिंग काढलं तिथे सगळ्या जातींची मुलं एका पंगतीला बसवली. तिथलं धान्य संपलं तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचं सोनं मोडलं, मंगळसूत्रसुद्धा. पुण्यातही १९०९ मध्ये अनाथ विद्यार्थी गृह निघालं, १९५५ मध्ये विद्यार्थी सहाय्यक समिती निघाली, आणि खेड्यातली पोरं त्यांच्या आधाराने शिकली. त्या माणसांनी शाळा-कॉलेजाच्या आधी किंवा बरोबरीने जेवणाचा विचार केला होता. तुमच्यापैकी कितीतरी जणांच्या केबिनमध्ये शाहू महाराजांचा आणि कर्मवीरांचा फोटो आहे. खुर्चीच्या मागे असतो, त्यामुळे बसल्यावर दिसत नाही.

सोनं मोडा असं मी म्हणत नाही. माझं मागणं लहान आहे. जुलैत प्रवेश झाले की कॉलेजने आजूबाजूच्या तीन-चार मेसवाल्यांना सांगावं, या मुलांचं जेवण सुरू करा, योजनेचे पैसे येईपर्यंत बिल कॉलेज देईल. पैसे आले की मुलं कॉलेजला परत करतील. आत्ता जी उधारी माझ्या वहीत आहे ती तुमच्या वहीत न्यायची, इतकंच. चाळीस मुलं धरा, निदान जुलै ते ऑक्टोबर चार महिने, तेहेतीसशेच्या दराने होतात पाच लाख अठ्ठावीस हजार. तुमच्या गॅदरिंगच्या मांडवाला किती लागतात ते मला विचारू नका, मांडववाला माझा चुलत दीर आहे.

दहातले दोन बुडतील, ते मी आधीच सांगितलंय. तेवढं विद्यार्थी कल्याण निधीतून सोसा. त्या निधीचं नाव तरी तेच आहे. मुलांची यादी करावी लागेल, ती बोर्डावर लावू नका आणि चेक देताना फोटो काढू नका. कोणाला द्यायचं ते ठरवायला समिती नेमायची तुम्हाला सवय आहे, पण इथे वर्गशिक्षकाला आणि लायब्ररीच्या शिपायाला विचारलं तरी पुरे. कोण दुपारी लायब्ररीत पाणी पिऊन बसतं ते शिपायाला ठाऊक असतं. कमवा आणि शिका योजनेतल्या मुलांचा मेहनताना महिन्याच्या पाच तारखेला द्या, कारण मेस पाच तारखेलाच भरायची असते. आणि वसतिगृहाची यादी लागेपर्यंतचा एक महिना जिमखान्याचा हॉल रात्री उघडा ठेवा, मुलींसाठी लेडीज रूम, एका बाई शिपायासकट. गाद्या नकोत, पोरं सतरंजी आणतात.

पटलं नाही तर येऊन वही बघा. दुपारी अडीचनंतर पंगत उठलेली असते, निवांत बोलता येईल. सांगून आलात तर बेसन-भाकरी करीन, पैसे घेणार नाही. त्या दिवशी पडलेला मुलगा आता दोन वेळचा आहे, संध्याकाळचं मी उधारीत घातलंय. तो पावणेतीनला डबे पोचवून येतो, त्याचीही गाठ पडेल. रविवारी संध्याकाळी मेस बंद असते.

आणि ती नोटीस अजून बोर्डावर आहे म्हणे. येताना काढून आणा.

आपली,
एक मेसवाली काकू
सदाशिव पेठ, पुणे